दोन मिलिमीटरची तक्रार

माझं नाशिकला अंबडमध्ये छोटं वर्कशॉप आहे. मोठ्या कारखान्यांना लागणारे फिक्श्चर आम्ही बनवतो, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग घट्ट धरून ठेवणारे लोखंडी सांगाडे. या धंद्यात माणसाचा स्वभाव बिघडतो. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरपं असलं तर मला जेवण जात नाही. बायको म्हणते, लग्नाच्या वेळी मला तुमचं ड्रॉइंग कुणी दाखवलं नाही, नाहीतर तेव्हाच रिजेक्ट केलं असतं. तिचं बरोबर आहे. मी चिडका आहे, हट्टी आहे, आणि दुसऱ्याचं चुकलेलं माप मला दहा फुटांवरून दिसतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझी बाजू घेण्यासारखं फारसं काही नाही.

मुलगी नववीत होती. तिच्या शाळेत रोबोटिक्सची टीम तयार झाली, सहा मुलांची, आणि शाळेने पालकांना विचारलं की कुणी मार्गदर्शक म्हणून येईल का. वर्कशॉपवाला बाप म्हटल्यावर सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. मी आधी नाही-नाही केलं, मग असा घुसलो की मुलांना हात लावायला जागा उरली नाही. स्पर्धेचा खेळ सोपा होता. मैदानावर टेनिसचे चेंडू विखुरलेले, रोबोने ते गोळा करून टोपलीत टाकायचे, वेळ अडीच मिनिटं. मुलांनी पुठ्ठ्याचा आणि लाकडी पट्ट्यांचा एक हात बनवला होता. तो चेंडू उचलायचा, पण थरथरायचा. मला ते बघवेना. मी म्हटलं, ठेवा हे बाजूला. आठवड्याभरात माझ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या व्हीएमसी मशीनवर ॲल्युमिनियमचा हात तयार झाला. त्याची बोटं चेंडूवर अशी बसायची की मधून केस जाणार नाही. मुलगी त्या हाताकडे बघून म्हणाली, “बाबा, भारी आहे. पण आम्ही काय केलं यात?”

“तुम्ही चालवणार ना,” मी म्हणालो.

स्पर्धेच्या फॉर्मवर एक ओळ होती, की रोबोचं सर्व काम विद्यार्थ्यांनी स्वतः केलं आहे. खाली मार्गदर्शकाची सही. मी सही केली, आणि तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही. सगळेच पालक असं करतात, असं मी स्वतःला सांगितलं, आणि बहुतेक ते खरंही होतं.

जानेवारीतला एक रविवार. शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. पंचवीस-तीस टीम असतील. प्रत्येक टीमला एक टेबल, त्या भागाला पिट म्हणतात. जिंकणारी एकच टीम पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. मी टूलबॉक्स घेऊन गेलो होतो, कॉर्डलेस ग्राइंडर घेऊन गेलो होतो, आणि लाकडी पेटीत बारीक माप घ्यायचा सहाशे एमएमचा मोठा व्हर्निअरसुद्धा घेऊन गेलो होतो. मुलांच्या स्पर्धेला व्हर्निअर कोण नेतं? मी नेला. सकाळी रोबो तपासायला एक प्लायवूडचा खोका ठेवला होता. रोबो त्यात बसला की पास. साडेचारशे एमएम लांबी, तेवढीच रुंदी, तेवढीच उंची. आमचा रोबो मी चारशे एकोणपन्नासला ठेवला होता.

आमच्या शेजारच्या टेबलावर लासलगावकडच्या एका गावातल्या चार मुली होत्या, आणि त्यांचे गणिताचे सर. त्यांचा रोबो बघून मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही. टोमॅटो भरायचं प्लॅस्टिकचं क्रेट असतं, आमच्याकडे सगळे त्याला कॅरेट म्हणतात, तेच उलटसुलट कापून त्यांनी सांगाडा केला होता. खाली सायकलची चेन, कुठल्यातरी भंगारातल्या गाडीच्या वायपरच्या मोटरी, आणि पुढे पीव्हीसी पाइपचा एक रोलर. रोलरवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवलेल्या. कांदा निवडायच्या मशीनला असे रोलर असतात, त्यावरून कांदा पुढे सरकतो. त्या मुलींनी ते मशीन रोज बघितलेलं. रोलर फिरला की चेंडू पट्ट्यांना लागून सरळ आत कॅरेटमध्ये. एकदम तीन-चार.

मी आमच्या मुलांना म्हणालो, “जुगाड आहे. फिनिशिंग बघा जरा.” आमची मुलं हसली. मुलगी हसली नाही. ती त्या रोलरकडे टक लावून बघत होती.

पहिल्याच फेरीच्या आधी आमचा मोटर ड्रायव्हर जळला. मोटरींना करंट वाटून देणारी ती छोटी सर्किटची पाटी असते. एका मुलाने वायर उलटी लावली, धूर आला, वास आला, खेळ खलास. सुटी पाटी आमच्याकडे नव्हती. एवढा मोठा टूलबॉक्स आणला होता मी, आणि त्यात ती शंभर ग्रॅमची वस्तू नव्हती. रविवार असल्याने दुकानं बंद. या स्पर्धांमध्ये एक पद्धत आहे. कुणाचं काही जळलं, मोडलं, हरवलं की माइकवरून सांगतात, आणि ज्याच्याकडे असेल तो आणून देतो. तशी घोषणा झाली. मी हॉलभर नजर फिरवली, ज्यांच्या टेबलावर महागडे किट होते त्यांच्याकडे. कुणी हललं नाही.

शेजारच्या टेबलावरची एक मुलगी उठली. दहावीतली, दोन वेण्या, युनिफॉर्मच्या बाह्या दुमडलेल्या. तिच्या टीममधली रोबो चालवणारी तीच. तिने स्टीलचा जेवणाचा डबा उघडला. आत रुमालात गुंडाळलेली एक पाटी होती.

“आमच्याकडं एक जादा हाय,” ती माझ्या मुलीला म्हणाली.

“आणि तुमची जळली तर?” माझ्या मुलीने विचारलं.

“तवाचं तवा बघू. लाव लवकर, तुमचा नंबर येईल.”

दोघींनी मिळून ती पाटी बसवली. त्या मुलीला वायरींचे रंग तोंडपाठ होते. मी “थँक यू” म्हणालो, ते अशा सुरात की जणू रिक्षावाल्याने सुटे पैसे परत दिलेत.

तीन फेऱ्या झाल्या. आमच्या ॲल्युमिनियमच्या हाताने एकेक चेंडू सुबक उचलला, सुबक टाकला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कॅरेटवाल्या मुलींचा रोबो मैदानात शिरला की गवत कापावं तसा चेंडू ओढत जायचा. आवाज एवढा की पहिल्या रांगेतल्या मुलांनी कानांवर हात ठेवले. जेवणाच्या सुटीआधी बोर्डावर नावं लागली. त्या पहिल्या, आम्ही दुसरे, आणि बराच फरक. अंतिम फेरी आमच्यातच होणार होती. मी बोर्डासमोर उभा राहून मनातल्या मनात हिशेब मांडला. चारदा मांडला. सरळ खेळलो तर आम्ही हरणार होतो.

आता मला खरं वाईट कशाचं वाटलं ते लिहितो. मुलगी पुण्याला जाणार नाही याचं थोडं वाटलं. पण माझा हात कांद्याच्या रोलरकडून हरणार, हे मला सहन होईना. पंचवीस वर्षं मी मायक्रॉनमध्ये काम केलं आणि एक सायकलची ट्यूब माझ्या पुढे निघाली होती.

सुटीत त्या मुलींनी हंगामातली पहिली द्राक्षं काढली. घरच्या बागेतली. आमच्या सहाही मुलांना दिली, मलाही दिली. मी खाल्ली, गोड होती. त्यांच्या सरांशी दोन शब्द बोललो. ते म्हणाले, “ही आमची रोबो चालवणारी पोरगी दहावीला आहे. पुढच्या वर्षी शाळेतून जाईल. म्हणून म्हटलं, या वर्षी आणू.” ती मुलगी ऐकत होती. ती म्हणाली, “पुण्याला गेलो तर लय मजा येईल सर. पुणं मी बघितलंच नाय.”

द्राक्षं खात खात मी त्यांच्या रोबोकडे बघत होतो. आणि मला दिसलं. कॅरेटच्या भिंती वरच्या कडेपाशी बाहेर फुगल्या होत्या. सकाळी रिकामं कॅरेट खोक्यात बसलं होतं, पण तीन फेऱ्या चेंडू कोंबून, आपटून, भिंतींनी पोट काढलं होतं. दीड-दोन एमएम असेल, माझ्या डोळ्याने सांगितलं. दुसऱ्या कुणालाही ते दिसलं नसतं.

मी माझी लाकडी पेटी आणली आणि त्यांच्या टेबलावर उघडली. मखमलीत ठेवलेला तो लांब, चकचकीत व्हर्निअर बघून चौघीही गोळा झाल्या.

“काका, हे काय हाय?”

“माप घ्यायचं. बघायचंय कसं घेतात?”

“हो, हो, दाखवा ना!”

“तुमच्याच रोबोवर दाखवतो,” मी म्हणालो.

दोघींनी रोबो दोन्ही बाजूंनी घट्ट धरला, हलू नये म्हणून. मी व्हर्निअरचे जबडे कॅरेटच्या फुगलेल्या भिंतींना टेकवले. मग त्या दहावीतल्या मुलीला मी वाचायला शिकवलं. वरच्या पट्टीवर आधी पूर्ण एमएम वाचायचे, मग खालच्या छोट्या पट्टीवरची कुठली रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते शोधायचं; एकेक रेघ म्हणजे पॉइंट शून्य दोन. ती वाकली. तिची एक वेणी टेबलावर पडली. बराच वेळ तिने एक डोळा मिटून बघितलं.

“चारशे बावन्न,” ती म्हणाली. “आन ही चौथी रेघ जुळती. म्हंजे... चारशे बावन्न पॉइंट शून्य आठ.”

“शाब्बास,” मी म्हणालो. माझ्या वर्कशॉपमध्ये आयटीआयची मुलं येतात, त्यांना हे शिकायला दोन दिवस लागतात. तिला पाच मिनिटं लागली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही स्पष्ट दिसतो, आणि तो दिसला की मी जिथे असेन तिथून उठून दुसरीकडे जातो.

पेटी बंद केली आणि सरळ मुख्य पंचांच्या टेबलाशी गेलो. त्या कॉलेजातल्याच एक मॅडम होत्या. मी त्यांना सांगितलं, की त्या टीमचा रोबो चारशे बावन्न आहे, नियम साडेचारशेचा आहे.

“सकाळी खोक्यात बसला होता,” मॅडम म्हणाल्या. “दोन एमएमची तक्रार करताय तुम्ही?”

“नियमात इतकं मागेपुढे चालेल असा टॉलरन्स लिहिलेला नाही,” मी म्हणालो. “माप म्हणजे माप.”

मॅडमनी नियमांची पुस्तिका उघडली, वाचली, आणि माझ्याकडे बघितलं. आमच्या धंद्यात खराब माल परत पाठवणारा माणूससुद्धा इतक्या तुच्छतेने बघत नाही. मग त्या उठल्या आणि मुलींच्या टेबलाकडे गेल्या. मी मागे, खांबाच्या आडोशाला थांबलो. मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, तक्रार आली आहे एवढंच म्हणाल्या. अर्ध्या तासात रोबो मापात बसला पाहिजे.

“हो मॅडम, चारशे बावन्न हाय,” ती मुलगी चटकन म्हणाली. “आत्ताच मोजलं आमी. त्या काकांनी शिकवलं. त्यान्ला बोलवू का? त्यांच्याकडं सगळी हत्यारं हायेत, ते सांगतील कसं करायचं.”

आणि ती मला शोधायला लागली. मी खांबामागून निघालो आणि बाहेर पाण्याच्या टाकीशी जाऊन उभा राहिलो. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी एका दहावीतल्या मुलीपासून लपलो.

तिथे मला माझ्या मुलीने गाठलं. धावत आली होती. “बाबा, त्यांना दोन एमएम कमी करायचंय. काय करता येईल? तुला माहीत असेल.”

मला माहीत होतं. फुगलेल्या भिंतींच्या मधून आतून एक बाइंडिंगची तार आडवी घ्यायची आणि पकडीने पिळायची. भिंती आपोआप आत येतात. दोन मिनिटांचं काम, आणि तार माझ्या टूलबॉक्समध्ये होती.

“मला दुसऱ्या टीमच्या रोबोला हात लावता येत नाही,” मी म्हणालो. “नियम आहे.”

“मग ग्राइंडर तरी दे. त्या मुली कडा घासतील. त्यांच्याकडे नुसतं करवतीचं पातं आहे.”

“चार्जिंग नाही त्याला, गाडीतच पडलाय,” मी म्हणालो.

“तू काल तर लावला होतास चार्जिंगला.”

“लाइट गेली होती.”

ती गेली. मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो, आणि आत आलो तेव्हा मुली कॅरेटची वरची कड कापत होत्या. करवतीच्या पात्याला रुमाल गुंडाळून एक कापायची, तिची बोटं दुखली की दुसरी घ्यायची. कॅरेटची ताकद त्या वरच्या कडेतच असते. ती कापू नका, एवढं सांगायला तीन शब्द लागले असते. त्यांचे सर घड्याळ बघत होते. सत्ताविसाव्या मिनिटाला रोबो खोक्यात बसला आणि आजूबाजूच्या टीमनी टाळ्या वाजवल्या.

अंतिम फेरीत आमचा रोबो माझी मुलगी चालवत होती. त्या दिवशी तिन्ही फेऱ्यांत तिचा हात स्थिर होता, पण आता ती भलतंच चालवत होती. चेंडूजवळ जाऊन थांबायची, उचललेला चेंडू खाली टाकायची. मी कठड्याबाहेरून ओरडलो, “लक्ष कुठे आहे तुझं?” तिने माझ्याकडे बघितलंही नाही. पलीकडे रोलरचा तो भसाडा आवाज चालू होता आणि मुली भराभर पुढे जात होत्या. दीड मिनिट झालं असेल. मग फाटकन आवाज आला. कड नसलेली भिंत मधोमध चिरली, रोलर एका बाजूने निखळला आणि फरशीवर आपटत राहिला. त्या मुलीने रिमोट धरून रोबो उरलेला वेळ तसाच चालवला. तुटलेल्या पाइपने चेंडू ढकलून ढकलून एक तरी टोपलीपर्यंत न्यायचा तिचा प्रयत्न होता. तो चेंडू टोपलीच्या खालून गेला.

आम्ही जिंकलो. मुलांनी उड्या मारल्या. मीही टाळ्या वाजवल्या. त्या चौघी आल्या, आमच्या प्रत्येक मुलाच्या हातात हात देऊन अभिनंदन केलं. दहावीवालीचे डोळे लाल होते. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, “काका, तुमी कुठं गेला व्हता? आमी शोधत व्हतो.”

“फोन आला होता,” मी म्हणालो.

नंतर माझ्या मुलीने रोबोतून ती उसनी पाटी काढली आणि परत द्यायला गेली. ती त्या चौघींशी खिडकीपाशी, माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ बोलत उभी होती. मला वाटलं, फोन नंबर देत-घेत असतील. त्यांचे सर मला भेटायला आले, हात जोडून म्हणाले, “साहेब, बरं झालं कुणीतरी माप काढलं. पोरींना कळलं की अंदाजपंचे चालत नाही. एकदा आमच्या शाळेत या. पोरांना ते व्हर्निअर दाखवा.” मी येतो म्हणालो. त्यांना वाटलं असेल की मी नम्रपणे मान खाली घातली आहे.

परतीच्या वाटेवर मुलगी मागच्या सीटवर बसली. एरवी ती पुढे बसते. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मागे पेटीची कडी उघडल्याचा आवाज आला आणि मग ग्राइंडर सुरू झाला. घूंऽऽ करत, पूर्ण वेगात. दोन-तीन सेकंद. तिने तो बंद केला, पेटीत ठेवला, कडी लावली. सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा मला गिअर टाकायचं सुचलं.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत जाऊन टीममधून नाव काढून घेतलं. बाकीची मुलं पुण्याला गेली, कुठल्यातरी मधल्या नंबरावर आली. तिथे परीक्षकांनी विचारलं की हा हात कसा बनवला, आणि एकालाही धड सांगता आलं नाही. पालक माझ्यावर नाराज झाले, म्हणाले, तुमच्या मुलीने ऐनवेळी दगा दिला. मी ऐकून घेतलं. घरी मुलगी माझ्याशी बोलायची नाही असं नव्हतं. जेवण वाढलंय, गेट लाव, क्लासची वेळ बदलली, एवढं बोलायची. शाळेतल्या गमती, मैत्रिणींची भांडणं, कोण कसं चालतं त्याच्या नकला, ते सगळं ती आईला स्वयंपाकघरात सांगायची. मी गेलो की भांड्यांचा आवाज तेवढा उरायचा. बायकोला काय झालं ते माहीत नव्हतं, ती म्हणायची, वय आहे, होईल नीट. मी वर्कशॉपमध्ये कामगारांवर पहिल्यापेक्षा जास्त ओरडायला लागलो.

मार्च संपता संपता त्या सरांचा फोन आला. दहावीच्या परीक्षा झाल्या होत्या, पुढच्या वर्षीची टीम आताच तयार करायची होती. या म्हणाले. टाळायला कारण सापडलं असतं, मी शोधलंही. पण गेलो. मुलीला विचारलं, येतेस का. ती म्हणाली, “क्लास आहे.” त्या दिवशी क्लास नव्हता.

कांद्याचे ट्रॅक्टर ओलांडत ओलांडत मी त्या गावी पोचलो. शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस मुलं-मुली चटईवर बसली होती. मी व्हर्निअर दाखवला, प्रत्येकाकडून वाचून घेतलं. ती दहावीवालीसुद्धा खास आली होती, पेपर संपले होते तिचे. लहान मुलांना मागे बसून तीच समजावून सांगत होती, माझ्यापेक्षा सोप्या भाषेत. कोपऱ्यात तो रोबो होता. चिरलेली भिंत तारेने शिवलेली. मी मुलांना सांगितलं की कॅरेटची कड कधी कापायची नाही, तार आडवी कशी घ्यायची, कशी पिळायची. करूनही दाखवलं. भिंती आत आल्या. सगळे “आयला!” म्हणाले. ती मुलगी मात्र माझ्या हातांकडे बघत होती, आणि मला वाटलं, हिला आता कळलं असेल की त्या दिवशीही मला हे येत होतं.

चहा झाला. सर वर्गाला कुलूप लावत होते आणि ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. नाशिकहून निघाल्यापासून मी जे घोकत होतो ते मी बोललो. इकडेतिकडे बघत, गाडीची किल्ली हातात फिरवत, पण बोललो.

“बेटा, त्या दिवशी तक्रार मी केली होती. आणि माझा ग्राइंडर चार्ज होता.”

“माहीत हाय काका,” ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“तुमच्या पोरीनं सांगितलं तवाच. पाटी द्यायला आली ना, तवा. मापावरनंच तिला कळलं व्हतं, तक्रार कुणाची ते. ग्राइंडरबी तिनं फायनलच्या आधीच गाडीत जाऊन बघितला व्हता म्हणं, पण तिला वापस यायला वेळ झाला, आमचं कापून झालं व्हतं. लय रडली ती. आमीच तिला गप केलं. आन तिनं शपथ घातली, की सरांना सांगू नका. बाबांना सगळ्यांसमोर लाज वाटंल म्हणली. मग आमी नाय सांगितलं.”

म्हणजे दुपारी व्हरांड्यात मला खुर्ची देताना, आत्ता चहाचा कप पुढे करताना, या मुलीला सगळं माहीत होतं. आणि माझ्या मुलीने मला त्या हॉलमध्ये झाकून ठेवलं होतं, मी तिच्यावर ओरडलो त्यानंतर. मला काहीतरी बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. मी गाडीचं दार उघडलं, परत लावलं. तिला अवघडल्यासारखं झालं असावं, म्हणून तिनेच विचारलं.

“काका, ती तवा म्हणली व्हती की मी आता बाबांशी बोलणारच नाय. आमी म्हणलं, असं नको करू. बोलती ना ती तुमच्याशी?”

“बोलते की,” मी म्हणालो. “खूप बोलते.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं.